अडतिसावी स्लाइड

त्यांचं खरं नाव बायकोला आणि पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळं बांधकाम खातं त्यांना दशांशराव म्हणायचं. चहात साखर किती घालू असं विचारलं तर "दीड चमच्याच्या किंचित आत" असं सांगणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? हुद्दा पूल तपासनिसाचा. शहरातल्या बावीस पुलांच्या पोटाखाली शिरायचं, पोलादी पट्टी लावायची, आकडा वहीत उतरवायचा आणि कोळिष्टकं झटकत बाहेर यायचं, असं त्यांनी वीस वर्षं केलं होतं. पुलावरून जाणारा खाली बघत नाही आणि खालून जाणारा वर बघत नाही. दोन्हीकडे बघून दोन्हीकडची काळजी करायला सरकारने एक माणूस नेमला होता, आणि निवड अचूक होती.

काळजी हा दशांशरावांचा जोडधंदा होता. घराला कुलूप लावून ते चार पायऱ्या उतरत, परत चढत, कुलूप ओढून बघत, उतरत आणि मग कोपऱ्यावरून बायकोला विचारत, "अगं, मी कुलूप ओढून बघितलं का?"

"तीनदा बघितलंत," ती म्हणायची. "आता ते सैल झालं असेल."

पण या खेपेची काळजी कुलपाची नव्हती. ओढ्यावर शाळेचा एक पादचारी पूल होता. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा. पुलाची लोखंडी तुळई दोन काठांवरच्या दोन दगडी ओट्यांवर टेकलेली. अलीकडचा ओटा ठणठणीत होता. पलीकडच्या ओट्याखालची माती मात्र ओढा गेली नऊ वर्षं चाटत होता आणि ओटा हळूहळू मागे कलत होता. पूल बांधला तेव्हा तुळई त्या ओट्यावर एकशे वीस मिलिमीटर आत बसली होती. आता एकतीस. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस जेवढा टेकतो तेवढी ती टेकली होती. चौथा माणूस निदान पाय तरी रोवून बसतो.

दशांशराव दर महिन्याला हे अंतर मोजत. नऊ वर्षांचे एकशे आठ आकडे त्यांच्या वहीत होते. पण पूल मोजायचा अधिकार त्यांचा आणि बंद करायचा अधिकार समितीचा. समिती दोन महिन्यांतून एकदा बसायची. गेल्या बैठकीत, शाळेला सुट्टी लागायच्या तोंडावर, दशांशरावांनी या पुलावर सेहेचाळीस स्लाइडचं सादरीकरण केलं. वेळ दहा मिनिटांचा. दहा मिनिटांनी शिपायाने घंटा वाजवली तेव्हा पडद्यावर अकरावी स्लाइड होती, 'ओढ्याचा पूर्वेतिहास'. तुळई घसरते आहे ही गोष्ट अडतिसाव्या स्लाइडवर होती. समितीने "अभ्यासपूर्ण" असा शेरा मारून विषय पुढच्या बैठकीत ढकलला.

पुढची बैठक येत्या गुरुवारी. शाळा उघडणार त्यानंतरच्या सोमवारी. आणि सकाळी दहाला सहाशे मुलं एकदम त्या पुलावरून जाणार, त्यातली निम्मी पळत.

हा हिशेब डोक्यात घेऊन दशांशराव रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. या खेपेला त्यांनी स्लाइडांची संख्या सेहेचाळिसावरून एकेचाळिसावर आणली होती, पण एकही आकडा गाळला नव्हता. अक्षरांचा आकार कमी केला होता.

सासरे तेव्हा पाहुणे म्हणून आलेले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ब्रश ठेवला, पण दुसऱ्याच्या अक्षरांना नावं ठेवायला हात लागत नाही. ते जावयाच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून स्लाइड वाचायला लागले.

"जावईबापू," शेवटी अण्णा म्हणाले, "यात पूल कुठे आहे?"

"हा सगळा पुलाचाच तक्ता आहे, अण्णा."

"ते मुंग्यांचं वारूळ आहे. मी पूल विचारतोय."

दशांशरावांनी स्लाइडा पुढे-मागे केल्या. खात्याचं बोधचिन्ह होतं, प्रकरण क्रमांक होता, ओढ्याच्या पाणलोटाचा नकाशा होता, चार रंगांचा आलेख होता. पूल नव्हता.

"बरं, ते जाऊ द्या," अण्णा खुर्ची ओढून बसले. "ही माणसं बघून झाल्यावर त्यांनी काय करावं अशी तुमची इच्छा आहे?"

"पूल बंद करावा."

"ते कुठे लिहिलंय?"

"शेवटच्या स्लाइडवर. शिफारशींमध्ये. सातवा मुद्दा."

"सहावा काय आहे?"

दशांशरावांनी वाचलं. "कठड्याला रंग द्यावा."

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं आणि मग भांडं मुद्दाम आपटल्याचा आवाज.

"हसू नकोस गं," दशांशराव म्हणाले. "सहाशे मुलं आहेत."

त्यांचा आवाज असा निघाला की बायको हात पुसत बाहेर आली. अण्णांनीही टोमणा गिळला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "रस्त्याने जाणारा माणूस पाटीला किती वेळ देतो सांगू? तीन पावलं. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की आत चपला मिळतात. चपलांचा इतिहास नको, कातडं कुठून आणलं ते नको. मी एकदा एका दुकानदाराच्या हट्टापायी पाटीवर त्याचे सगळे सत्तावीस जिन्नस लिहिले होते. लोक आत येऊन विचारायचे, इथे काय मिळतं हो?"

"पण आकडा गाळला तर लपवाछपवी होईल, अण्णा. उद्या कोणी म्हणालं, साठाव्या महिन्याचं माप कुठे?"

"कोणी म्हणालंय आजवर?"

वीस वर्षांत कोणीही, कोणत्याही महिन्याचं माप विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी माणसाला ठाऊक असतात, पण रविवारी सकाळी सासऱ्यासमोर कळल्या की जास्त लागतात.

"एकतीस मिलिमीटर म्हणजे किती हो?" बायकोने विचारलं. "मला कळेल असं सांगा."

त्यांनी पट्टी काढली. मग पट्टी बाजूला ठेवून आपली दोन बोटं जोडून टेबलाच्या कडेवर ठेवली. "एवढं."

तिने त्या दोन बोटांकडे पाहिलं. "एवढ्यावर आहे तो पूल?" ती खुर्चीवर बसली. "माझी भाची जाते त्या शाळेत."

सेहेचाळीस स्लाइडांनी नऊ जणांच्या समितीवर जो परिणाम झाला नव्हता तो दोन बोटांनी एका माणसावर झाला. दशांशरावांना आनंद व्हायला हवा होता. पण ते उलटा हिशेब करायला लागले. म्हणजे गेल्या बैठकीतही हे करता आलं असतं.

दुपारी ते ओढ्यावर गेले, पलीकडच्या ओट्याखाली शिरले आणि तुळईच्या टोकाखाली आपली दोन बोटं धरून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तीन स्लाइडा झाल्या. पहिलीवर संपूर्ण पुलाचा फोटो आणि खाली एक ओळ, 'सोमवारी सकाळी दहा वाजता इथून सहाशे मुलं जातील.' दुसरीवर बोटांचा फोटो आणि दोन आकडे, तेव्हा एकशे वीस, आता एकतीस. तिसरीवर तीनच शब्द, 'पूल बंद करावा.' एकशे आठ आकडे कागदावर छापून जोडपत्र केलं.

अण्णांनी लॅपटॉप टेबलावर ठेवायला लावला आणि दशांशरावांना थेट दारापर्यंत मागे नेलं. "आता वाचा."

"दिसतंय."

"मग घाबरता कशाला?"

"दिसतंय म्हणूनच," दशांशराव म्हणाले.

आणि घाबरायला कारण होतं. बांधकाम खात्यात स्लाइड ही स्लाइड नसते, ती फाईल असते. समितीपुढे जायच्या आधी ती पाच टेबलांवरून फिरते. प्रत्येक टेबल आपण वाचल्याची खूण म्हणून एक ओळ घालतं, आणि एका टेबलाने घातलेली ओळ दुसऱ्या टेबलाने काढायची नाही असा दंडक. हा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तर कोणाला बदलता येत नव्हता. गेल्या वेळच्या सेहेचाळिसांतल्या निदान वीस स्लाइडा या फिरतीतच अंगाला चिकटलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी तीन स्लाइडा पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला. साहेब माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि ते दीड वर्ष काखेत काचेचं भांडं धरून चालावं तसं ते चालत होते.

"हे फार उघडं वाटतं हो," साहेब म्हणाले. "बाकीचं कुठंय?"

"जोडपत्रात आहे, साहेब. सगळं. एक आकडा गाळला नाही."

"आणि ही बोटं कोणाची?"

"माझी."

"मग खाली पदनाम टाका. बिनपदनामाची बोटं समितीपुढे कशी ठेवायची?"

दशांशरावांनी मुकाट्याने पदनाम टाकलं. एक ओळ वाढली. तिथून सही घ्यायला ते स्वतः टेबलाटेबलावर हिंडले. एरवी फाईल शिपाई नेतो, तपासनीस नाही, त्यामुळे लोक त्यांच्याकडे घरात कोणी आजारी असल्यासारखे बघायला लागले. आराखडा टेबलाला पाणलोटाचा नकाशा हवा होता. दशांशराव म्हणाले, "जोडपत्रात पहिल्या पानावर घेतो, रंगीत." तिथे काम झालं. देखभाल टेबलाला कठड्याच्या रंगाचा मुद्दा हवा होता. "पान चार, ठळक अक्षरात." तेही झालं. आस्थापना टेबलाला नेमकं काय हवं ते आठवेना, पण काहीतरी हवं होतं. त्यांना दशांशरावांनी एक अख्खं पान कोरं देऊन ठेवलं. कागदावर जागा मिळाली की टेबलं शांत होतात हा शोध त्यांना पन्नाशीत लागला.

विधी टेबलावर मात्र गाडी अडली. तिथल्या बाई हुशार होत्या, म्हणून सगळे त्यांना टरकून असत. त्यांनी बोटांच्या फोटोखाली टाचणीने काढल्यासारख्या अक्षरात एक ओळ लिहिली, 'या छायाचित्रावरून पूल सुरक्षित अथवा असुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही.'

दशांशरावांनी ती ओळ दोनदा वाचली. "बाई, ही ओळ जोडपत्रात घेऊया ना."

"चित्र स्लाइडवर आहे की जोडपत्रात?"

"स्लाइडवर."

"मग ओळही स्लाइडवर."

"पण समितीने ही ओळ वाचली तर तिला सुटल्यासारखं वाटेल. ते म्हणतील, निष्कर्ष निघत नाही, मग थांबूया. आणखी दोन महिने."

बाईंनी वर पाहिलं. "आणि उद्या कोणी खात्याला कोर्टात खेचलं तर? तुम्हाला वाटतं मला पूल कळत नाही. मला कोर्ट कळतं, एवढंच." त्यांचा आवाज कडक नव्हता. "तुम्ही फोटो काढून टाका, मी ओळ काढते."

फोटो काढला तर उरणार काय, दोन आकडे. दशांशराव ओळीसकट स्लाइड घेऊन परत आले.

मंगळवार-बुधवार त्यांनी ती ओळ किती वेळा वाचली याची मोजदाद त्यांनीही ठेवली नाही, यावरून त्यांची अवस्था कळावी. भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मोजलंत, दाखवलंत, आणखी काय करणार?"

"ते वाचून थांबले तर?"

"थांबले तर थांबले. सोमवारी मी पुलावर आडवी झोपते."

"विनोद करू नकोस."

"मी करतच नाहीये," ती म्हणाली आणि मटार सोलायला लागली. दशांशराव तिच्याकडे बघत राहिले. आता काळजीला दुसरा विषय मिळाला.

गुरुवारी बैठकीत चौदा विषय होते आणि शाळेचा पूल नववा. आधीच्या आठांनी आपापली दहा मिनिटं ताणून पंधरा केली. उद्यान विभागाने कारंज्यांचे बावन्न फोटो दाखवले. दशांशराव मागच्या रांगेत घड्याळाकडे बघत होते आणि पाण्याचा पेला रिकामा करत होते. त्यांची पाळी आली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "जेवणाची वेळ झाली आहे. चार मिनिटांत आटपा."

गेल्या वेळच्या हिशेबाने चार मिनिटांत ते ओढ्याच्या उगमापर्यंत पोचले असते. त्यांनी पहिली स्लाइड लावली आणि खालची ओळ वाचली. 'सहाशे' हा शब्द दोन तुकड्यांत बाहेर आला. दुसरी स्लाइड लावली. बोटं पडद्यावर हातभर मोठी दिसत होती, नखात चिखल होता. "आधी तुळई ओट्यावर एवढी टेकलेली होती," त्यांनी पंजा आडवा धरून दाखवला, वर आणखी एक बोट लावलं. "आता एवढी आहे."

जेवणाचा डबा काढायला वाकलेला एक सदस्य वाकलेलाच राहिला. अध्यक्षबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याच्या तळाशी बघितलं. त्या ओळ वाचत होत्या.

"निष्कर्ष काढता येणार नाही," अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचलं. "ठीक आहे. मग निष्कर्ष काढायचा कोणी? आम्ही?"

साहेबांनी खोकल्यासारखं केलं. विधी टेबलाच्या बाई कागद सारखे करायला लागल्या.

"मोजतं कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी मोजतो," दशांशराव म्हणाले. "दर महिन्याला. नऊ वर्षं."

"मग तुम्ही सांगा. हा पूल सुरक्षित आहे की नाही?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच जोडपत्रात नव्हतं. तुळई उद्या सुटेल की दहा वर्षं तशीच बसेल हे पट्टी सांगत नव्हती. पट्टी आजचं सांगते. ते 'हो' म्हणाले तर सोमवार. ते 'नाही' म्हणाले आणि पूल पुढे वीस वर्षं टिकला, तर उरलेली नोकरी लोक त्यांना त्या पुलावरून टोमणे मारतील. साहेब त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत ते काचेचं भांडं अगदी स्पष्ट दिसत होतं.

"नाही," दशांशराव म्हणाले. "सुरक्षित नाही."

"हे वैयक्तिक मत आहे असं इतिवृत्तात नोंदवावं," विधी टेबलाच्या बाई म्हणाल्या.

"नोंदवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पदनामासकट. पुढची स्लाइड?"

पुढच्या स्लाइडवर तीन शब्द होते. ते वाचायला कोणाला वेळ लागला नाही. ठराव झाला, शनिवारपासून पूल बंद, मुलांनी वरच्या मोठ्या पुलावरून जायचं, दुरुस्तीचा आराखडा महिन्यात. दशांशरावांना अडीच मिनिटं लागली होती.

जिन्यात विधी टेबलाच्या बाई मागून आल्या. "तुमच्यावर शेकेल हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"ती ओळ नसती तर त्यांनी तुम्हाला विचारलं नसतं हेही कळतंय?"

दशांशराव पायरीवर थांबले. बाई एवढं बोलून पुढे निघून गेल्या. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं की नंतर जुळवून घेतलं, हा विचार त्यांना घरी पोचेपर्यंत पुरला.

सोमवारी ते सकाळी नऊलाच पुलाशी जाऊन उभे राहिले. आडवं लोखंडी कुंपण होतं, पहारेकरीही होता, त्यांची तिथे काही गरज नव्हती. मुलं आली, त्यांचे आईबाप आले, आणि दशांशरावांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून सगळे त्यांच्यावर तुटून पडले. दोन किलोमीटरचा वळसा. कामाला उशीर. आधी सांगता येत नव्हतं का. सुट्टीभर काय झोपला होतात.

"नऊ वर्षं माझी मोठी इथूनच गेली," कडेवर लहान मूल घेतलेली एक आई म्हणाली. "तेव्हा पडला नाही, आता काय पडतोय?"

"माहीत नाही," दशांशराव म्हणाले.

"माहीत नाही आणि बंद केलात?"

"हो. मीच सांगितलं बंद करायला."

तिला भांडायचं होतं, पण भांडायला समोरच्याने थोडी तरी टाळाटाळ करावी लागते. तिने कडेवरचं मूल सावरलं, मोठीच्या पाठीवरचं दप्तर सरळ केलं आणि वरच्या रस्त्याला लागली. मागे वळून म्हणाली, "किती महिने?"

"चार. कदाचित पाच."

"कदाचित," ती स्वतःशीच म्हणाली आणि चालायला लागली.

दहा वाजले. ओढ्यापलीकडे, वरच्या पुलावरून उतरणाऱ्या रस्त्यावर मुलांची रांग दिसायला लागली. काही चालत होती, काही रेंगाळत होती, निम्मी पळत होती. दशांशराव कठड्याला टेकले, मग तो कोणत्या पुलाचा कठडा आहे हे आठवून झटकन सरळ झाले आणि रांगेतलं शेवटचं मूल शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.